अपुरी सॅक

सॅक उचलली आणि मला कळलं, मला फसवलंय.

वरून सगळं ठाकठीक होतं. पट्टे आवळलेले, बर्फात रोवायची कुऱ्हाड बाजूच्या फासात, बुटांना लावायचे लोखंडी काटे त्यांच्या जाड पिशवीत, हेल्मेट वर टांगलेलं. पोट सुटलेल्या माणसासारखी गच्च भरलेली सॅक. पण खांद्यावर घेतली तर तिच्यात दमच नव्हता. माझी सॅक मी ओळखते. इतकी वर्षं ती माझ्या पाठीवर बसून डोंगर चढतेय. ती कुठे बोचते, कोणत्या बाजूला कलते, कधी अंग टाकते, हे मला नवऱ्याच्या सवयींपेक्षा जास्त ठाऊक आहे. आज ती नुकतीच आजारातून उठल्यासारखी हलकी लागत होती.

आजारातून मी उठले होते. सॅक नव्हे.

सकाळी मी स्वतः ती भरून ठेवली होती. खाली झोपायची पिशवी, मधे पाठीला लागून जड सामान, वर जाकीट आणि जास्तीचे हातमोजे. मग टायरच्या वर्कशॉपवर गेले, एका ट्रकची मागची चाकं बदलली, हात धुतले आणि घरी आले. दुपारी जीप येणार होती. संध्याकाळपर्यंत खिंडीत पोचायचं, बर्फावर तंबू ठोकायचा, पहाटे शिखर आणि उजाडल्यावर खाली. हिवाळ्यात आम्ही दरवर्षी करतो ते. गेल्या वर्षी मात्र त्या दिवसांत मी हॉस्पिटलात नाकात नळ्या घालून पडले होते. न्यूमोनिया.

तर सॅक खाली ठेवली आणि उघडली. जाकीट निघालं, हातमोजे निघाले. त्याखाली गॅसचे डबे असायला हवे होते. त्यांच्या जागी फोम होता. सोफ्यात भरतात तो पिवळा फोम. कडा सरळ, कोपरे गोल, अगदी डब्यांच्या मापाचा कापलेला. तंबूच्या काठ्या होत्या तिथे त्याच फोमची लांबट वळी.

आमच्या घरात फोम इतका सफाईने कापणारा एकच माणूस आहे आणि त्याच्याशी माझं लग्न झालंय.

तो मागच्या खोलीत मशीनवर बसून कुणाच्या तरी खुर्चीची गादी शिवत होता. मी फोमचा तुकडा त्याच्या सुईसमोर टाकला.

"हे काय आहे?"

"फोम." त्याने पायडलवरचा पायसुद्धा उचलला नाही.

"फोम आहे ते दिसतंय मला. माझ्या सॅकमध्ये तो काय पाहुणा आला होता?"

"अगं, पाठीला टोचू नये म्हणून..."

"गॅस कुठाय?"

"तिच्याकडे."

"तंबूच्या काठ्या?"

आता पाय थांबला. "त्याही तिच्याकडे."

"स्टोव्ह आधीच तिच्याकडे होता. तंबूचं कापड तिच्याकडे होतं. मग माझ्याकडे काय राहिलं?"

माझा नवरा खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात, म्हणून तो शक्यतो खरं बोलतो. "तू आहेस की," तो म्हणाला. "तू स्वतःला वर नेलंस तरी पुष्कळ झालं."

ती म्हणजे त्याची धाकटी बहीण, माझी नणंद. डोंगरावर माझी जोडीदार. दोरीच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. आमच्या गटात सुरुवातीला लोक हसायचे. नणंद-भावजय एका दोरीला बांधलेल्या, वर पोचायच्या आधीच एक दुसरीला ढकलून देईल म्हणायचे. तसं झालं नाही. भांडलो आम्ही भरपूर, पण ढकललं कुणीच नाही.

आणि जोडीदार म्हणजे काय, हे आम्हाला ज्याने शिकवलं तो मास्तर. शाळेतला नव्हे. रोपवेचं यंत्र चालवायचा, सुटीच्या दिवशी आम्हाला बर्फात चालायला शिकवायचा. सॅक भरायची त्याची एक रीत होती आणि ती मोडणाऱ्याला तो वर नेत नसे. कुणाचीही सॅक पुरी भरायची नाही. एकाकडे स्टोव्ह, दुसऱ्याकडे गॅस. एकाकडे तंबूचं कापड, दुसऱ्याकडे काठ्या. एकाकडे दोर, दुसऱ्याकडे बर्फात ठोकायच्या मेखा. प्रत्येकाची सॅक अपुरी. त्याचं म्हणणं साधं होतं: ज्याच्याकडे सगळं असतं त्याला दुसऱ्याला सोडून जाता येतं, तेव्हा सोडून जाता येणार नाही असंच भरा. काडेपेटी तेवढी दोघांकडे ठेवायला लावायचा. भांडण झालं तरी माणसाला विडी ओढता आली पाहिजे, असं म्हणायचा.

बर्फावर पाणी नसतं, हे ज्यांनी बर्फ लांबूनच पाहिलाय त्यांना सांगावं लागतं. चहूकडे पांढरं, पण प्यायला थेंब नाही. बर्फ खाल्ला तर घसा सोलतो आणि अंगातली ऊब जाते. तो वितळवावा लागतो. म्हणजे स्टोव्ह आणि गॅस एकत्र आले तर पाणी. नाहीतर एकीकडे नुसतं लोखंड, दुसरीकडे नुसता डबा.

आणि आता ते दोन्ही नणंदेच्या सॅकमध्ये होतं. माझ्या सॅकमध्ये सोफा.

"बेत काय होता तुमचा?" मी विचारलं.

"बेत कसला..."

"कान बघ आरशात."

त्याने सांगितलं. बर्फ सुरू होतो त्याच्या खाली एक झोपडी आहे, चौकीदाराची. तिथे शेगडी आहे, माणूस आहे. मी दमले की तिथे थांबायचं. नणंद वर जाऊन येईल आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन उतरेल. "दमलीस तर," तो दोनदा म्हणाला. पण फोम काही 'तर'साठी कापत नाहीत. फोम कापणाऱ्याने मनात मला त्या झोपडीत बसवून, घोंगडी पांघरून, हातात कपसुद्धा दिला होता.

मला काळजी करणाऱ्या माणसांची चीड येते. हे वाचून कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. हॉस्पिटलातून आल्यापासून मी बघतेय. जो तो माझ्याशी आवाज उतरवून बोलतो. वर्कशॉपच्या मालकाने माझ्यासाठी खुर्ची आणली. मी त्या खुर्चीवर जॅक ठेवला. शेजारीण जिन्यात हातातली पिशवी ओढून घेते. डॉक्टरांनी फुप्फुसं तपासून 'जा, चढा' म्हटलंय. उन्हाळाभर मी पाठीवर वाळूची पोती घेऊन आमच्याच इमारतीचे जिने चढले-उतरले. पोरंटोरं हसली, घामाने बनियन पिळून काढावं लागलं, पण रडत-कुथत नाही, शिट्टी वाजवत चढले. ते कुणाला दिसलं नाही. दिसली ती फक्त नाकातली नळी. काळजी करणाऱ्याला तुम्ही बरं व्हावं असं वाटत असतं, पण तुम्ही बरे झालात हे त्याच्या पचनी पडत नाही. मग त्याने काय करायचं?

मी बाहेरच्या खोलीत आले आणि नणंदेची सॅक उचलली. उचलली म्हणजे काय, हिसडली. पाठीत कळ गेली. एवढीशी ती बाई आणि एवढं ओझं! तिच्या सॅकचं तोंड बंद होत नव्हतं, काठ्या बाहेर डोकावत होत्या. मी ती सगळी जमिनीवर उपडी केली. स्टोव्ह खणखणत कोपऱ्यात गेला.

तेवढ्यात ती गच्चीवरून आली. वाळत टाकलेला दोर वेटोळं करून खांद्यावर घेतलेला. दारातच थांबली. माझी सॅक उघडी, तिची सॅक पालथी, मधे मी.

मी चिडले की तिला अहोजाहो करते. तिला ते माहीत आहे.

"या वन्सं," मी म्हटलं. "बसा. फोम घ्या थोडा."

तिने फोमकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे. तिचा भाऊ तिथे टेप गळ्यात अडकवून उभा होता.

"दादा, फोम भरायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"मधलं सामान गेलं की सॅक बसते ना," तो म्हणाला. "आकार राहायला हवा." आणि खरं सांगते, पकडला गेल्यावरसुद्धा त्या आवाजात कारागिराची ऐट होती.

"म्हणजे गॅस काढायला तूच सांगितलंस त्याला," मी तिला म्हटलं.

"सांगितलं नाही. मीच काढला." तिने दोर खाली ठेवला. "झोपडीत थांबवायचं दादाच्या मनात होतं. त्याने महिनाभर माझं डोकं खाल्लं. मी हो म्हटलं, कारण मला भांडायचं नव्हतं. पण गॅस मी त्याच्यासाठी काढला नाही."

"मग कुणासाठी? माझ्या कल्याणासाठी?"

"वहिनी, ओरडू नकोस. आधी ऐक."

ती भिंतीला टेकून बसली. ती दातांच्या कवळ्या बनवते. शहरातले निम्मे म्हातारे तिच्या दातांनी हसतात. बारीक काम, मेणाचं, प्लॅस्टरचं, एका केसाचा फरक झाला तर माणसाला जेवता येत नाही. त्यामुळे ती बोलतेही तशीच, तासून तासून. त्या दिवशी मात्र घडाघडा बोलली.

गेल्या हिवाळ्यात मी हॉस्पिटलात असताना ती दुसऱ्या जोडीदाराबरोबर वर गेली होती. गटातलाच चष्मेवाला. मास्तरच्या रीतीप्रमाणे भरलं होतं. स्टोव्ह आणि तंबूचं कापड हिच्याकडे, गॅस आणि काठ्या त्याच्याकडे. खिंडीच्या खाली, जिथे दोर लागत नाही अशा सोप्या उतारावर, तो म्हणाला, माझ्या बुटाचा काटा सैल झालाय, तू हो पुढे, मी आलोच. ती खिंडीत पोचली आणि धुकं उतरलं. तो आला नाही. हाका मारल्या, शिट्टी वाजवली. तो खाली गेला होता. घाबरला आणि गेला. गॅस घेऊन.

"मी तंबूचं कापड पांघरून बसले, बाटलीत बर्फ भरला आणि जाकिटाच्या आत धरला," ती म्हणाली. "रात्रभर. दोन-चार घोट झाले असतील. त्यात सारखा बर्फ कोंबायचा, हातमोजा काढायचा, घालायचा. सकाळी उतरले. लोकांना सांगितलं, हवा खराब होती म्हणून फिरले."

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाला, मला वाटलं तूही फिरली असशील."

मला काय आठवावं? त्या चष्मेवाल्याच्या गाडीची चारही चाकं मीच बसवून दिली होती. वर हसून चहासुद्धा पाजला होता.

नणंदेने डावा हात पुढे केला. "ही दोन बोटं. यांना काही कळत नाही. मेण किती तापलंय ते मी आता ओठाला लावून बघते."

माझा नवरा दारातून पुढे आला आणि तिथेच थबकला. "आणि तू घरी काही बोलली नाहीस?"

"वहिनी ऑक्सिजनवर होती. तू तिथल्या बाकावर बसून होतास, दाढी वाढलेली, विचारलं तर स्वतःचं नाव आठवायला वेळ लावत होतास. कुणाला सांगायचं होतं? लिफ्टवाल्याला?"

मी स्टोव्ह कोपऱ्यातून उचलला, त्याची पितळी चकती ठीक आहे का ते पाहिलं. ठीक होती. राग माझा गेला नव्हता, पण आता त्याला नीट दिशा मिळाली होती.

"म्हणजे तू मला त्या चष्मेवाल्याच्या रांगेत बसवलंस," मी म्हटलं. वन्सं वगैरे संपलं होतं.

"नाही."

"मग?"

"तू परत फिरणार नाहीस हे मला माहितीय. तोच घोळ आहे." ती सरळ माझ्याकडे बघत बोलली. "तो घाबरला की फिरतो. तू दमलीस तरी सांगणार नाहीस, दात-ओठ खात चढशील आणि कुठेतरी कोसळशील. तुझ्या शब्दावर माझा भरवसा आहे, वहिनी. तुझ्या फुप्फुसांवर नाही. तू घरंगळलीस तर गॅसही घरंगळेल. मग खाली तुला काढू कशी आणि पाजू काय?"

हॉस्पिटलातून आल्यापासून माझ्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिला मिठीही मारावीशी वाटली. दोन्हींतलं मी काहीच केलं नाही.

"ठीक," मी म्हटलं. "मग दोन्ही माझ्याकडे दे. स्टोव्हही आणि गॅसही."

"का म्हणून?"

"तुझ्या बोटांवर माझा भरवसा नाही. उद्या वाऱ्यात स्टोव्ह हातातून सुटला, दरीत गेला, तर?"

"माझ्या हातातून काही सुटत नाही!" ती ताडकन उठली. "वर्षभर याच बोटांनी काम करतेय मी. एक कवळी परत आलेली नाही. तू कोण मला..."

आणि तिथेच ती अडखळली. मघापासून मी हेच म्हणत होते.

माझ्या नवऱ्याला मात्र शांतता सोसत नाही. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, "दोन स्टोव्ह घ्या ना. दोघींकडे एकेक स्टोव्ह, दोघींकडे गॅस. प्रश्नच मिटला."

आम्ही दोघी एकदम त्याच्याकडे वळलो.

"मग दोन तंबूही घेऊ," नणंद म्हणाली.

"दोन डोंगर घेऊ," मी म्हटलं. "ती एकावर जाईल, मी दुसऱ्यावर. तू मधे फोम भर."

"मी आपलं सुचवलं." तो टेपशी चाळा करत राहिला. हा माणूस बल्ब बदलायला स्टुलावर चढला की खिडकी लावून घ्यायला सांगतो. उंचीचं त्याला भय आहे, ते तो लपवत नाही आणि मला त्यात लाज वाटत नाही. पण त्याचं भय माझ्या सॅकमध्ये भरायचा त्याला काही अधिकार नव्हता, आणि ते मी त्याला तिथेच सांगितलं. याच शब्दांत.

त्याने गळ्यातल्या टेपची गुंडाळी केली. मग म्हणाला, "मी त्या बाकावर बसलो होतो तेव्हा तू श्वास घेतेयस की नाही ते मोजत होतो. अजून मोजतो. तू झोपलीस की."

"माहितीय मला," मी म्हटलं. "मी जागी असते."

मी नणंदेकडे वळले.

"हे बघ. मी दमले तर तिथल्या तिथे सांगेन. दात-ओठ खाणार नाही. तुझी बोटं गार पडली की तूही तिथल्या तिथे सांगायचं, खाली येऊन वर्षाने नाही. फिरायचं तर दोघींनी. झोपडीत कुणी कुणाला ठेवायचं नाही."

"आणि शिखर समोर दिसत असताना तू दमलीस तर?"

"तर तू शिव्या देत माझ्याबरोबर उतरशील. आठवडाभर माझ्याशी बोलणार नाहीस."

"महिनाभर."

"चालेल."

ती थोडा वेळ त्या पसाऱ्याकडे बघत उभी राहिली. सूपची पाकिटं, चीजचे तुकडे, कपाळावर बांधायचे दिवे, लोकरीचे मोजे, मेखा, सगळं एकमेकांत मिसळलेलं. मग ती गुडघ्यांवर बसली. गॅसचे डबे एकेक करून उचलले, जास्तीच्या मोज्यांत गुंडाळले, गार पडू नयेत म्हणून, आणि माझ्या सॅकमध्ये ठेवले. मधोमध, पाठीला लागून. काठ्या बाजूला उभ्या केल्या. मेखा टाकल्या. दोर स्वतःकडे घेतला. स्टोव्ह तिने माझ्या हातातून घेतला आणि आपल्या सॅकमध्ये सरकवला. मीही पाण्याच्या बाटल्या भरून उलट्या लावल्या, म्हणजे गोठलं तर बुडाशी गोठेल आणि तोंड उघडं राहील. हे सगळं करताना आमचे हात एकमेकींच्या मधून न धडकता जात-येत होते, जुन्या सवयीने. त्या खोलीत तेव्हा कुणी नवखा आला असता तर त्याला वाटलं असतं, या बाया कधी भांडल्याच नसतील.

खाली जीपने हॉर्न दिला.

माझ्या सॅकचा वरचा पट्टा ती लावत होती. भरलेल्या सॅकवर ते बक्कल ताणून बसवावं लागतं, एका हाताने ओढायचं आणि दुसऱ्याने दाबायचं. तिची डावी बोटं घसरली. तिने पुन्हा ओढलं. बक्कल अर्धं आत गेलं आणि सुटलं.

माझा हात आपोआप पुढे गेला. मी तो मागे घेतला.

नवरा वाकायला लागला तशी मी त्याची बाही धरली.

"अगं, तिला जमत नाहीये," तो कुजबुजला.

"जमेल. उभा राहा गप."

जीपवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. नणंदेने वर पाहिलं नाही. तिने बोटं पालटली, निर्जीव बोटांऐवजी तळहाताची कड त्या बक्कलवर ठेवली, अंगाचं वजन टाकलं आणि कट्ट आवाज झाला. मग तिने पट्टा हिसडून पाहिला. घट्ट होता. काम चोख झाल्यावर ती नाकातून एक श्वास सोडते, तसा सोडला.

"उचल," ती म्हणाली.

मी खाली बसले, हात पट्ट्यांत घातले आणि उठले. वजन पाठीवर आलं. सगळं आलं. गॅस आला, काठ्या आल्या, मेखा आल्या, आणि त्या वजनाने मी एक पाऊल मागे गेले. दोघांनी ते पाहिलं. नवऱ्याच्या खांद्यात हालचाल झालेली मला दिसली, पण त्याने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले, शाळेतल्या मुलासारखे. नणंद आपली सॅक चढवून माझी वाट बघत उभी होती. कुणीही हात पुढे केला नाही.

त्या दोघांचा मला अभिमान वाटला. छाती भरून श्वास घेतला, खालपर्यंत गेला. कमरेचा पट्टा आवळला, सरळ उभी राहिले आणि दार उघडलं.